धुतलेल्या रेकॉर्डी

"साहेबांना फार त्रास होतोय हो," दारात उभा असलेला माणूस म्हणाला. "कालपासून जेवणाला तोंड लावलं नाही. पलंगाखाली जाऊन बसलेत, बाहेर यायला तयार नाहीत."

माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते आणि एका हातात रेकॉर्ड होती, पाणी निथळणारी. शेजारच्या घरात नुकतंच कुणीतरी राहायला आलंय, एवढंच मला माहीत होतं. म्हातारे वडील असतील सोबत, मला वाटलं. आणि ते पलंगाखाली बसलेत म्हणजे प्रकरण साधं नाही.

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवलं. ते म्हणाले, कान फार तिखट आहेत यांचे. शेजारीपाजारी कसला आवाज होतोय का बघा."

"वय काय त्यांचं?"

"अकरा."

मी त्याच्याकडे बघत राहिले. माझा चेहरा बघून त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा.

"कुत्रा आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "साहेब हे नाव. मी नाही ठेवलं… आधीच्या मालकांनी ठेवलंय."

मला हसू आवरेना. तोही हसला, पण जरा उशिरा. त्याच्या हसण्याची एक तऱ्हा होती — डोळे आधी हसायचे, ओठ मागाहून यायचे.

"आत या," मी म्हटलं. "साहेबांचा गुन्हेगार दाखवते."

स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलची चौकोनी टाकी होती, धान्याच्या मोठ्या डब्याएवढी. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या बनवते. कवळ्या आणि हत्यारं धुवायला तिथे अशी यंत्रं असतात. लॅबनं नवीन घेतलं तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी जुनं मला देऊन टाकलं. पाण्यात आवाजाच्या लहरी सोडायच्या. मग पाण्यात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे होतात, फुटतात, आणि ब्रशचा केससुद्धा जिथे शिरत नाही तिथली घाण ओढून काढतात. त्या लहरी माणसाला ऐकू येत नाहीत. आपल्याला येतो तो फक्त एक बारीक चर्र आवाज, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा.

"कुत्र्यांना मात्र येत असणार ऐकू," मी म्हटलं. "माझ्या लक्षातच आलं नाही. सॉरी हं."

तो टाकीत वाकून बघत होता. "म्हणजे दातांच्या यंत्रात तुम्ही गाणी धुता?"

"गाण्यांवरची धूळ धुते. गाणी आपली जिथल्या तिथे राहतात."

"कोण आहे गं?" आतल्या खोलीतून मावशीनं विचारलं.

"शेजारचे आहेत."

"मग उभं काय केलंयस? बसव की त्यांना."

मला वाढवलं ते मावशीनं. ती नाच शिकवायची. फर्निचरच्या दुकानावर एक मोठा हॉल होता, तिथे तिचा क्लास होता, जवळजवळ सगळं आयुष्य तिनं तिथे काढलं. फरशीवर टाकायची पावडर, विद्यार्थ्यांच्या बोटांचे डाग, खाली तासल्या जाणाऱ्या लाकडाचा भुसा, सगळं तिच्या रेकॉर्डींच्या रेषांमध्ये जाऊन बसलं होतं. पुढे गुडघा गेला, क्लास बंद झाला. रेकॉर्डी घरी आल्या, भिंतभर. मावशी खिडकीपाशी आरामखुर्चीत बसून त्या ऐकायची आणि वैतागायची. "गाणं कुठे ऐकू येतंय? नुसती तडतड. जणू कुणी कागद चुरगाळत बसलंय." म्हणून मी हा उद्योग सुरू केला होता.

मावशीनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "काय करतोस रे?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"आपल्या इमारतीला लिफ्ट नाही."

"म्हणून तर इथे घर घेतलं. दिवसभर लिफ्टचंच तोंड बघायचं, निदान घरी जाताना जिना असावा."

मावशीला उत्तर आवडलं. तिला सहसा कुणाची उत्तरं आवडत नाहीत.

मग असं ठरलं, की यंत्र सुरू करायच्या आधी मी भिंतीवर टकटक करायची आणि त्यानं साहेबांना फिरायला न्यायचं. टकटक केली की पलीकडून दार उघडल्याचा आवाज यायचा, पट्ट्याची साखळी वाजायची, आणि जिन्यावर सहा पावलं… चार साहेबांची, दोन त्याची. मी रेकॉर्ड दांडीला लावून पाण्यात सोडायची. लेबल वर कोरडं राहायचं, खालचा भाग पाण्यात. हातानं अगदी हळू फिरवत राहायचं, सगळी कड पाण्यातून जाईपर्यंत. मग बाहेर काढून साध्या स्वच्छ पाण्यात विसळायची आणि ताटाळ्यात उभी करून वाळवायची. एका रेकॉर्डला चांगला वेळ जायचा. खांदा भरून यायचा.

एकदा फिरून परत आल्यावर तो आमच्या दारात थांबला. मी उजवा खांदा चोळत होते.

"हे फिरवायचं काम मोटर करू शकेल," तो म्हणाला. "मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरते ना, ती मोटर. अगदी सावकाश फिरते. माझ्याकडे एक पडलेली आहे."

"आणि मग मी काय करू?"

"तुमचे हात मोकळे होतील."

"मोकळे होऊन?"

"साहेबांना फिरवायला माणूस कमी पडतोय."

"एकच तर कुत्रा! त्याला किती माणसं लागतात?"

"दोन," तो गंभीरपणे म्हणाला. "एक पट्टा धरायला, एक बोलायला."

आतून मावशी खोकली. तिला खोकला झालेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मोटर आली. अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांवर त्यानं ती बसवली. दांडी इतकी अलगद फिरायला लागली, की टक लावून बघितल्याशिवाय फिरतेय हे कळू नये. मी टकटक करून यंत्र सुरू करायची, चप्पल घालायची, आणि आम्ही तिघं खाली उतरायचो. बेकरीवरून, लाँड्रीवरून, बागेला वळसा घालून परत. साहेब प्रत्येक खांबापाशी थांबायचे, आणि आम्हाला दोघांनाही त्याचा राग येत नव्हता.

त्या फिरण्यात मला कळलं, की साहेब आधी एका निवृत्त गृहस्थांचे. ते गृहस्थ वृद्धाश्रमात गेले, तिथे कुत्रा चालत नव्हता, आणि त्या दिवशी हा त्यांच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करत होता. "ते खाली उतरले बॅग घेऊन, आणि कुत्रा वरच राहिला," त्यानं सांगितलं. "मग काय करणार?" एवढंच. मीही त्याला सांगितलं, की माझं लग्न ठरलं होतं. मुलगा परदेशी नोकरीला गेला, आधी रोज फोन करायचा, मग आठवड्यानं, मग त्याच्या आईचाच फोन आला. भांडण नाही, तंटा नाही. माणूस आवाज न करता निघून गेला.

हे ऐकून त्यानं पट्टा या हातातून त्या हातात घेतला आणि माझ्या बाजूचा हात रिकामा ठेवला. धरला नाही. नुसता रिकामा ठेवला.

मावशीचा वाढदिवस जवळ आला होता. तिच्या सगळ्या रेकॉर्डींमध्ये एक तिच्या जिवाची होती. तिच्या क्लासात पियानो वाजवायला एक गृहस्थ होते. मावशी त्यांना ठोक्या म्हणायची, कारण तिच्या मते ते पियानो वाजवत नसत, ठोकत असत. त्यांनी आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली, तीही पदरमोड करून, आणि तिची एक प्रत मावशीला दिली. पुढे ते डोंगरापलीकडच्या गावात बहिणीकडे राहायला गेले. मावशीचे किती विद्यार्थी त्या रेकॉर्डवर पहिलं पाऊल टाकायला शिकले, त्याला गणती नाही. ती मी अजून धुतली नव्हती. खरं सांगायचं तर हात लावायची भीती वाटायची.

तो दिवस मंगळवार होता. मी लॅबमध्ये होते, मावशी गुडघ्याच्या व्यायामाला गेलेली. मोटरचा स्क्रू ढिला झाला होता, तो आवळायला म्हणून मी त्याला किल्ली देऊन ठेवली होती.

घरी आले तर ओट्यावर टॉवेल, टॉवेलवर ती रेकॉर्ड. चारही बाजूंनी वाकलेली, वाऱ्यानं फडफडता फडफडता थिजल्यासारखी. टाकीतलं पाणी अजून कढत होतं. काय झालं ते मला तिथल्या तिथे समजलं. त्या यंत्राला पाणी तापवायचं बटण आहे. मी ते कधी लावत नाही, कोमटपेक्षा जास्त ऊन पाण्यात रेकॉर्ड मऊ पडते. त्याला वाटलं असणार, कपडे गरम पाण्यात जास्त स्वच्छ निघतात, तसंच हे. मावशीला वाढदिवसाला द्यायची असणार. आणि साहेबांसाठी नेहमीसारखा फिरायला गेला असणार.

मी अजून ओट्यापाशीच उभी होते, तेवढ्यात मावशी आली.

तिनं रेकॉर्ड उचलली. कडेवरून बोट फिरवलं. "कुणी केलं हे?"

"मी," मी म्हणाले.

विचार करून म्हणाले नाही. तोंडातून निघून गेलं. आणि निघून गेल्यावर मी कुणासाठी खोटं बोलले आणि का, हे दोन्ही मला एकदमच कळलं.

"तू," मावशी म्हणाली. दुसरं काही नाही. खुर्चीत जाऊन बसली, रेकॉर्ड मांडीवर घेतली, आणि रडली. मी जवळ गेले तर म्हणाली, "आज रडू दे मला. उद्या बोलू."

शेजारच्या दाराला कुलूप होतं. फोन वाजत राहायचा, कुणी उचलायचं नाही. बुधवारी कुलूप. गुरुवारीही कुलूप. मी लॅबमधून यायची, पहिल्यांदा त्या दाराकडे बघायची, आणि मग आपल्याच दाराची किल्ली मला सापडायची नाही. यंत्र मी लावलं नाही. मावशीनं शेजाऱ्याचं नाव काढलं नाही, मीही नाही. फक्त एकदा तिनं विचारलं, "साहेब कसे आहेत?" आणि मी म्हटलं, "मला काय माहीत!" ते जरा जोरातच म्हटलं गेलं.

शनिवारी संध्याकाळी मी जिना चढत होते. दुसऱ्या वळणावर तो पायरीवर बसला होता, शेजारी साहेब, आणि दोघांच्या मध्ये दोरीनं बांधलेलं एक मोठं खोकं. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. मला बघून उभा राहिला.

"तुम्ही आधी माझं ऐकून—"

"कुठे होतास?"

'तू' म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. रागात निघालं. पण एकदा निघाल्यावर परत 'तुम्ही'वर जायचं म्हणजे दिलेली वस्तू मागून घेतल्यासारखं झालं असतं. मी तशीच पुढे गेले.

"फोन का नाही उचललास?"

"काय सांगणार होतो? हात रिकामे होते माझे."

"रिकाम्या हातानं फोन उचलता येतो!"

साहेब दोघांकडे आळीपाळीनं बघत होते.

"मी मावशीला सांगितलं, माझ्या हातून वाकली. खोटं बोललेय मी तिच्याशी, तुझ्यासाठी."

"का?" त्यानं विचारलं.

"ते मला विचारू नकोस. रेकॉर्डचं वाईट वाटलं. फार वाटलं. पण ते मी निभावलं असतं. रोज घरी येऊन तुझ्या दाराचं कुलूप बघायचं… ते कसं निभवायचं, मला माहीत नव्हतं. तुला सांगितलं होतं मी. मला आवाज न करता जाणारी माणसं नकोत."

त्यानं साहेबांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "माझं लहानपणापासून असंच. काही मोडलं की आधी दुरुस्त करून आणायचं, मग तोंड दाखवायचं. धंदाही तसलाच. लिफ्ट बंद पडली की लोक एकच विचारतात, सुरू झाली का?"

"मी लिफ्ट नाही."

"नाही," तो म्हणाला. "ते कळलं मला. बसमध्ये. जाताना नाही कळलं… येताना."

त्यानं खोक्याची दोरी सोडली. आत रेकॉर्डी होत्या. एकाला एक लागून, पाच नाही, दहा नाही, खोकं गच्च. सगळ्यांवर एकच नाव, ठोक्यांचं. पाकिटं ओल खाऊन फुगलेली, रेकॉर्डींवर पांढरी बुरशी.

"डोंगरापलीकडे गेला होतास?"

"पत्ता शोधण्यात दोन दिवस गेले. साहेबांना बसमध्ये घेईनात, तेव्हा तिथेही भांडण." तो पहिल्यांदा जरासा हसला, डोळ्यांनीच. "ते आहेत अजून. तळघरात होतं हे खोकं. म्हणाले, विकल्या गेल्याच नाहीत, सगळ्या घेऊन जा."

आम्ही खोकं दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं. मावशीसमोर ठेवलं. तो उभाच राहिला, शाळेत उभं केल्यासारखा.

"मावशी, रेकॉर्ड मी वाकवली."

"माहितेय," मावशी म्हणाली. "हिला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. रागावले होते मी तुझ्यावर. अजून थोडा राग शिल्लक आहे, तो मी पुरवून पुरवून वापरणार आहे." मग तिनं खोक्यात हात घातला, एक रेकॉर्ड काढली, दुसरी काढली. "अरे देवा… म्हणजे कुणीच घेतल्या नाहीत? बिचारा." आणि मग, खिडकीकडे बघत, "काही म्हणाला का?"

"म्हणाले… म्हणजे निरोप दिलाय." तो अडखळला. "म्हणाले, तिला सांग, मी बरोबरच वाजवत होतो. तिच्या टाळ्या पुढे पळायच्या."

मावशी खुर्चीत ताठ झाली. "माझ्या टाळ्या? माझ्या? फोन नंबर आणलायस का त्याचा?"

"आणलाय."

"दे इकडे."

त्या रात्री जेवणं थंड झाली, कारण मावशी फोनवर ठेक्याचं भांडण मिटवत होती आणि ते मिटत नव्हतं.

रविवारी सकाळी मावशी म्हणाली, "साहेबांना मी बसवते खाली बागेत. तुम्ही त्या बुरशीचं बघा." गुडघ्याची तक्रार तिनं त्या दिवशी अजिबात केली नाही.

आम्ही पहिली रेकॉर्ड पाण्यात सोडली. पाणी तापवायच्या बटणावर मी चिकटपट्टी लावून टाकली होती. मोटर फिरायला लागली. थोड्या वेळानं पाण्यात पांढरट धूर सुटल्यासारखी बुरशी सुटू लागली, आणि तिच्याखालून काळा तुकतुकीत रंग वर आला. दोघंही ओट्यावर वाकून बघत होतो. त्याचा दंड माझ्या दंडाला टेकला होता, आणि कुणीच बाजूला झालं नाही.

"मी पुन्हा काहीतरी मोडेन," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"मोड."

"पण त्याच दिवशी सांगेन."

"त्याच तासाला."

"फोन करून?"

"समोर येऊन."

"बरं." तो थांबला. "आणि समजा काही मोडलेलं नाही… तरी समोर येऊन काही सांगायचं असलं, तर?"

"तर… सांग."

त्यानं सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. फार लांब नव्हतं, आणि त्यात तो 'तुम्ही'वरून 'तू'वर येताना एकदा अडखळला. मी हात पुसून यंत्र बंद केलं आणि म्हणाले, "पुन्हा सांग. चर्र आवाजात नीट ऐकू आलं नाही."

ऐकू आलं होतं. पण त्यानं पुन्हा सांगितलं.

ते खोकं संपायला हिवाळा उजाडला. दर रविवारी थोड्या थोड्या रेकॉर्डी धुवायच्या, वाळवायच्या, नवीन पाकिटात घालायच्या. एवढ्या एकसारख्या रेकॉर्डींचं करायचं काय, हे मात्र आम्हाला दोघांनाही सुचत नव्हतं. सुचलं ते मावशीला.

आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि दुपारी सगळ्यांना मावशीच्या जुन्या हॉलमध्ये चहाला बोलावलं. आता ते फर्निचरवाल्यांचं गोदाम आहे. त्यांनी कपाटं भिंतीला सरकवून आम्हाला मधली जागा करून दिली. ठोक्या बसनं आले. बारीकसे, टापटीप गृहस्थ. येताच ते आणि मावशी ठेक्यावरून सुरू झाले आणि थांबले नाहीत. दाराशी ते खोकं ठेवलं होतं. निघताना प्रत्येक पाहुण्यानं एक रेकॉर्ड न्यायची, असं मावशीनं जाहीर केलं होतं. ज्यांच्याकडे वाजवायला यंत्र नव्हतं त्यांनीही नेली. लॅबमधल्या सगळ्यांनी नेली, लिफ्टच्या कंपनीतल्यांनी नेली, बेकरीवाल्यानं बायकोसाठी म्हणून आणखी एक मागितली.

संध्याकाळी ठोक्या खोक्यापाशी गेले आणि आत डोकावले. बराच वेळ डोकावून राहिले.

"एकही उरली नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "शेवटची फोटोग्राफरनं नेली."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग पुन्हा काढाव्या लागतील," ते हळूच म्हणाले.

"काढ की," मागून मावशी म्हणाली. "पण या वेळी ठेका मी देणार."

त्यांनी नाही म्हटलं, तिनं हो म्हटलं, आणि तेवढ्यात कुणीतरी आपल्याला मिळालेली रेकॉर्ड लावली. आम्ही दोघं हॉलच्या मधोमध उभे होतो, आणि आधी कुणी कुठला पाय टाकायचा, यावरून आमचंही भांडण सुरू झालं होतं.